‘घेतोस का?’ : कॉलेजमधली मुलं, दारू आणि ‘बाकी सगळ्यांना चालतं’ हा समज

कंदील

मी पदवीच्या मुलांना शिकवते. शिकवण्याबरोबर एका तुकडीची पालक-शिक्षक म्हणूनही जबाबदारी असते, त्यामुळे दारूचा विषय दरवर्षी कधी ना कधी समोर येतोच. आजवर मी तेच करत आले जे सगळे करतात: यकृत, अपघात, आईबापांचे कष्ट, अर्ध्या तासाचं भाषण. मुलं माना डोलावतात आणि बाहेर जाऊन शनिवारचा बेत ठरवतात.

यंदा भाषण दिलं नाही. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली, नाव घालू नका म्हणून सांगितलं आणि दोनच प्रश्न विचारले. आपल्या वर्गात ज्या तऱ्हेनं पिणं चालतं ते तुला स्वतःला शून्य ते दहात किती पटतं? आणि वर्गातल्या साधारण मुलाला किंवा मुलीला ते किती पटत असेल? चिठ्ठ्या डब्यात गोळा केल्या आणि त्यांच्यासमोरच फळ्यावर दोन रकाने आखून आकडे उतरवत गेले. पाच-सहा चिठ्ठ्या झाल्या आणि वर्गातली कुजबुज थांबली. डावीकडे तीन, दोन, चार, एक, पाच. उजवीकडे आठ, सात, नऊ, आठ. अधूनमधून एखादी चिठ्ठी वेगळी निघे, पण फळा भरेपर्यंत चित्र तेच राहिलं. स्वतःला फारसं पटत नाही, बाकीच्यांना मात्र चालतं, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मघापासून पेनाचं टोपण काढत-लावत होता. तो म्हणाला, “मग मॅडम, हे सगळे पितात कोणासाठी?”

मला उत्तर देता आलं नाही.

हा प्रयोग माझ्या डोक्यातून आलेला नाही. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना याच धर्तीचे प्रश्न विचारले होते, १९९३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी १९८६ मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनाही हेच दिसलं होतं: आपल्या कॉलेजातलं वातावरण पिण्याच्या बाबतीत प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कितीतरी सैल आहे असं मुलं धरून चालतात. प्रिन्स्टनच्या अभ्यासातला पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. सत्र सरेपर्यंत मुलग्यांचं स्वतःचं मत हळूहळू त्या कल्पित ‘साधारण विद्यार्थ्या’च्या मताकडे सरकलं. म्हणजे जो अस्तित्वातच नाही त्याच्यासारखी मुलं होत गेली.

म्हणून हा धागा. आत्ता कॉलेजात असाल किंवा कधीकाळी होतात, तुम्हाला स्वतःला तेव्हा काय वाटत होतं आणि बाकीच्यांना काय वाटतंय असं वाटत होतं, ते लिहाल का? पिणारे, न पिणारे, सोडलेले, सगळे लिहा.

शेवटचा_बाक

मी तिसऱ्या वर्षाला आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्यात ‘प्यायची का’ असं कोणी विचारत नाही. ‘बसायचं का?’ असं विचारतात. फरक लहान दिसतो पण तिथेच सगळं आहे. ‘प्यायची का’ला नाही म्हणता येतं. ‘बसायचं का’ला नाही म्हटलं की मी दारूला नाही म्हटलं असं होत नाही, मी त्यांच्यासोबत बसायला नाही म्हटलं असं होतं.

मला चव आवडत नाही. दुसऱ्या दिवशीचं डोकं आवडत नाही. तरी दोन वर्षं ग्लास हातात धरतोय. त्याचीही एक रीत जमली आहे. पहिला घोट सगळ्यांसमोर घ्यायचा, कारण तेव्हा सगळे बघत असतात. मग ओठ ओले करत राहायचं. ग्लास उजव्या हातात आणि छातीच्या उंचीवर ठेवायचा, खाली ठेवला की कोणीतरी भरतो. अर्ध्या तासानं फोन आल्यासारखं उठायचं, बेसिनमध्ये ओतायचं, नळ सोडायचा, रिकामा ग्लास घेऊन परत यायचं. “अरे, संपवली पण!” असं कोणीतरी म्हणतं आणि पाठीवर थाप पडते. ती थाप खरंच बरी वाटते, हे खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात असाच ओतायला गेलो तर बेसिनला आधीच तोच वास येत होता. माझ्या आधी तिथून आमच्यातलाच एक जण बाहेर पडला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही काही न बोलता आत जाऊन बसलो.

थेट

वेगळं मत मांडतो, कारण सगळेच एका बाजूनं बोलले तर धाग्याला अर्थ राहणार नाही.

मी पितो, आवडतं म्हणून पितो. कॉलेजात सुरुवात केली, कोणी गळ्यात हात घालून पाजली नव्हती. आणि ‘बसण्या’ला तुम्ही सगळे जितकं पोकळ समजता तितकं ते नसतं. जे मित्र दिवसभर ‘काय चाललंय’च्या पलीकडे जात नाहीत ते रात्री दोन पेगनंतर वडिलांबद्दल बोलतात. माझ्या जवळच्या मित्राची आई आजारी आहे हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा अशाच एका रात्री कळलं. तो रडला. आम्ही पहाटेपर्यंत जागलो. ती रात्र माझ्या आयुष्यातून कोणी काढून टाकावी असं मला वाटत नाही.

मुलग्यांना रडायला, मनातलं बोलायला दुसरी जागा आहे का? असेल तर सांगा. ती द्या आणि मग ग्लास काढून घ्या.

वाळूघड्याळ

थेट, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्राचा अभ्यास करते, म्हणून त्यात थोडी भर घालते.

१९७३ साली ॲलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही जणांना व्होडका-टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. पण कोणाला काय दिलं आणि काय दिलंय म्हणून सांगितलं, या दोन गोष्टी त्यांनी मुद्दाम वेगळ्या केल्या. म्हणजे काही जणांच्या ग्लासात टॉनिक होतं आणि त्यांना वाटत होतं व्होडका आहे, तर काहींचं नेमकं उलटं. कोण किती पितो हे ग्लासात काय आहे यावर ठरलं नाही, ग्लासात काय आहे असं त्याला वाटतंय यावर ठरलं. त्यात व्यसनी माणसंही होती आणि अधूनमधून पिणारीही. या पद्धतीचे पुढे बरेच प्रयोग झाले.

दारूचा परिणाम खोटा असतो असं मी म्हणत नाही. ती मेंदूवरचा लगाम सैल करते, तोल आणि प्रतिक्रियेचा वेग बिघडवते. पण तुमच्या मित्रानं आईबद्दल सांगितलं त्यात दारूचा वाटा किती आणि ‘इथे बोललं तर चालतं, उद्या कोणी विषय काढणार नाही’ या न सांगता ठरलेल्या परवानगीचा वाटा किती, हे तपासायला हवं. मला दुसरा वाटा मोठा वाटतो. दिवे मंद, फोन बाजूला, कोणालाही घाई नाही, चार-पाच तास एकत्र. हे सगळं एरवी कधी जमून येतं सांगा? ग्लास नसतानाही अशी रात्र जागवली तर माणसं बोलतात. मी बोललेली पाहिली आहेत, मीही बोलले आहे.

आणि एक किरकोळ पण परीक्षेच्या दिवसांत कामाची गोष्ट. ‘दोन घेतल्या की झोप छान लागते’ हे अर्धंच खरं. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते, स्वप्नांची झोप कमी होते. दिवसभर वाचलेलं पक्कं व्हायला चांगल्या झोपेची गरज असते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, बरीच वर्षं अपघात विभागात काम केलं. वृत्ती-बित्ती यावर तुम्ही बोला. मला एका वाक्याबद्दल बोलायचंय: “झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल.”

हे वाक्य म्हणणारी मुलं वाईट नसतात. घाबरलेली असतात. रेक्टरला कळेल, घरी कळेल, काढून टाकतील. म्हणून त्याला ओढत नेऊन पलंगावर उताणं टाकतात, दिवा बंद करतात. आणि पोटात राहिलेली दारू तो बेशुद्ध झाल्यावरही रक्तात उतरत राहते. म्हणजे झोपला त्या क्षणापेक्षा तासाभरानं त्याची अवस्था जास्त वाईट असू शकते. यकृत साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं, जवळपास एका प्रमाणित पेयाइतकं, म्हणजे साधारण एका छोट्या पेगइतकं. ते कॉफीनं वाढत नाही, गार पाण्याच्या आंघोळीनं वाढत नाही, फेऱ्या मारायला लावूनही वाढत नाही. गार पाण्यानं उलट अंग आणखी थंड पडतं.

एक रात्र मी विसरत नाही. दोन मुलं एका मित्राला घेऊन आली होती. एकाच्या शर्टाची पूर्ण बाही ओकारीनं भिजलेली. तो सांगत होता की वाटभर त्यानं मित्राला कुशीवर धरून ठेवलं आणि नाकाखाली बोट धरून दोन श्वासांमधले सेकंद मोजत आला. “आठ झाले की भीती वाटायची, मग पुढचा यायचा,” असं म्हणाला. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. तो मित्र वाचला. उताणा झोपवला असता तर ओकारी श्वासनलिकेत गेली असती.

म्हणून हे कृपा करून वाचाच. हाक मारून, चिमटा काढूनही जागा होत नसेल. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असतील किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जात असेल. ओठ-नखं निळसर, कातडी गार आणि चिकट असेल. शुद्ध नसताना ओकारी होत असेल किंवा झटके येत असतील, तर रुग्णवाहिका बोलवा. सगळी लक्षणं जमायची वाट बघू नका, एक पुरे. ती येईपर्यंत कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे ठेवा म्हणजे पालथा होणार नाही, डोकं थोडं मागे आणि तोंड खालच्या बाजूला. एकटं सोडू नका. घशात बोटं घालून ओकायला लावू नका. झोपेच्या किंवा इतर कसल्या गोळ्या घेतल्या असतील तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आम्ही तिथे कोणाला ओरडायला बसलेलो नसतो.

कंदील

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद छापून मी वर्गात लावणार आहे, चालेल ना?

रात्रपाळी

चालेल काय, लावाच. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे वाचला जातो.

झाडाखाली

मुलींबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मुलगा नाही म्हणाला तर त्याला डरपोक म्हणतात. मुलगी नाही म्हणाली तर काकूबाई. हो म्हणाली तर त्या रात्री ‘बिनधास्त’ आणि दुसऱ्या दिवशी ‘तसली’. हे दुसऱ्या दिवशीचं बोलणारी मुलंच आदल्या रात्री ग्लास भरत होती. माझ्या गटातल्या एका मुलीनं पहिल्या वर्षी फक्त एवढ्यासाठी प्यायला सुरुवात केली की प्रकल्पाची कामं, नोट्स, कोण कोणाबरोबर इंटर्नशिप करणार, हे सगळं त्या बसण्यात ठरायचं. दारू न पिणाऱ्या मुलीला ते सोमवारी कळायचं.

आणि ‘बरोबरीनं’ पिण्याचा आग्रह शरीराला कळत नाही. सारख्या वजनाच्या मुलाच्या तुलनेत मुलीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त दाट होते. त्यात कमजोर असण्याचा प्रश्नच नाही. पण ‘तिला दोनमध्येच चढते’ यावर हसतात, आणि ती तिसरा मागते.

ज्याला काही आठवत नाही तो माणूस त्या वेळी चालत-बोलत असू शकतो, हेही मुलामुलींना माहीत नसतं. रक्तातलं प्रमाण झपाट्यानं चढलं की मेंदूत आठवणी नोंदवण्याचं काम थांबतं, बाकीचं चालू राहतं. समोरच्याला वाटतं ती शुद्धीत आहे. “ती तर हो म्हणाली होती” हे वाक्य मी ऐकलंय. जिच्याबद्दल ऐकलं तिला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. तिनं वर्ष सोडलं. याच्यापुढे मला त्याबद्दल लिहिता येणार नाही.

थेट

झाडाखाली, वाचून गप्प बसलो. तिसरा ग्लास मागणाऱ्या मुलीवर मी हसलो आहे. हे लिहून ठेवतो.

वाळूघड्याळ, तुमच्या मुद्द्यावर विचार चालू आहे. पूर्ण पटलं म्हणत नाही.

काठावरचा

एक व्यावहारिक शंका. ‘बहुतेक मुलं तुम्हाला वाटतं तितकी पीत नाहीत’ असं टक्केवारी लिहून भिंतीवर लावायचे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजांनी खूप केले. २००३ मध्ये हेन्री वेक्स्लर आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या कॉलेजांचा आढावा घेतला तेव्हा अशा मोहिमांनी पिणं कमी झाल्याचं दिसलं नाही. मग धाग्याच्या मूळ कल्पनेचं काय? गैरसमज आहे हे मान्य. तो दूर केला की मूल पिणं कमी करतं, हे कुठे सिद्ध झालंय?

मला भीती ही वाटते की आपण पुन्हा एक नवं पोस्टर तयार करू आणि आपलं काम झालं म्हणू.

कंदील

काठावरचा, शंका रास्त आहे आणि मलाही ती होतीच. पोस्टरवरची टक्केवारी मुलांना खोटी वाटते. ती कोण मुलं, कुठली, आपल्यातली थोडीच, असं ते म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

पण क्रिस्टीन श्रोडर आणि प्रेंटिस यांचा १९९८ चा अभ्यास बघा. त्यांनी नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांचे छोटे गट केले. काही गटांत दारूचा निर्णय जबाबदारीनं कसा घ्यावा यावर बोलणं झालं, म्हणजे आपलं नेहमीचंच. बाकीच्या गटांत या गैरसमजावरच चर्चा झाली: आपल्याला बाकीच्यांबद्दल असं का वाटतं, त्याचा आपल्या वागण्यावर काय परिणाम होतो. चार-सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा दुसऱ्या गटांतली मुलं कमी पीत असल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. मला यातून एवढंच उमगतं की आकडा सांगून भागत नाही, समोरासमोर बसून एकमेकांच्या तोंडून ऐकावं लागतं. माझ्या वर्गात फळ्यावरचे आकडे त्यांच्याच चिठ्ठ्यांवरचे होते. म्हणून तो वर्ग गप्प झाला.

एक कबुलीही देते. गेली कित्येक वर्षं मी वर्गात “हल्ली सगळेच पितात” असं तळमळीनं सांगत आले. त्यातलं ‘सगळेच’ तेवढं मुलं घरी घेऊन गेली.

पाचवा_मजला

माझी मुलगी पुढच्या महिन्यात पहिल्यांदा घराबाहेर, वसतिगृहात राहायला जाणार आहे. मी स्वतः महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी घेतो, तिच्यासमोर कधी नाही. बायको म्हणते तिला काही सांगू नका, नसती कल्पना डोक्यात येईल. माझा भाऊ म्हणतो बाहेर शिकण्यापेक्षा घरी आपल्या देखत एकदा घेऊ दे, भीड चेपेल. मला दोन्ही पटत नाही. नेमकं काय बोलायचं असतं?

रात्रपाळी

दादा, एक गोष्ट आजच सांगा: रात्री कितीही वाजता, कसल्याही अवस्थेत फोन कर, मी घ्यायला येईन किंवा कोणाला तरी पाठवीन, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. आणि ते खरंच पाळा. आमच्याकडे आणलेल्या मुलांना शुद्ध आल्यावर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. “घरी सांगितलं का?” हा असतो.

वाळूघड्याळ

भावाच्या सल्ल्याबद्दल: ‘घरी देखरेखीखाली दिली की मूल सांभाळून प्यायला शिकतं’ हे ऐकायला बरं वाटतं. ऑस्ट्रेलियात किशोरवयीन मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा सहा वर्षं पाठपुरावा करून झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांनी स्वतः दारू दिल्यानं मुलांचं संरक्षण होतं असं त्यात दिसलं नाही. उलट न दिलेल्या मुलांच्या मानानं त्यांच्यात जास्त पिण्याचं आणि त्यातून होणाऱ्या त्रासाचं प्रमाण अधिक आढळलं. तुमची मुलगी त्या मुलांपेक्षा मोठी आहे, तरी घरी दिली की ढाल मिळते या समजाला आधार नाही एवढं नक्की.

आणि लपवून पिता ते तिला माहीत असतं. माझ्या वडिलांचं मला माहीत होतं. त्यांनी कधीतरी बसून “मी घेतो, का घेतो, कधी नको वाटते” असं सांगितलं असतं तर मला खूप काही कळलं असतं.

पाचवा_मजला

वाळूघड्याळ ताई, शेवटची ओळ दोनदा वाचली. बोलतो तिच्याशी.

दोन_पावलं

उशिरा आलो. मी दारू सोडून नऊ वर्षं झाली. सुरुवात कॉलेजातच.

पहिल्या पेगनं माझं वाटोळं झालं असं काही नाही. माझ्याबरोबर त्या रात्री पहिल्यांदा प्यायलेले बहुतेक मित्र आज व्यवस्थित आहेत. माझं काय झालं तर मला ‘पचायची’. इतर आउट व्हायचे, मी सगळ्यांना खोलीवर पोचवायचो. “याला कितीही पाजा, चढत नाही” अशी माझी ख्याती होती, आणि खरं सांगतो, कॉलेजात माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं. चढत नाही म्हणजे शरीराला सवय होत चालली आहे, पुढच्या वेळी तोच परिणाम मिळवायला जास्त लागणार आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिशीत होतो. माझे आजोबा दारूनं गेले, काका दारूनं गेले. व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. ज्यांच्या घरात हे आहे त्या मुलांना ते आधीच माहीत असायला हवं, आणि नेमकं त्याच घरांत ते झाकलं जातं.

तेव्हा मी स्वतःला बरोबर एका प्रश्नावर तपासायचो: रोज पितो का? नाही. झालं तर मग. जागतिक आरोग्य संघटनेनं दहा प्रश्नांची एक चाचणी १९८९ मध्ये तयार केली आहे, ऑडिट नावाची. तिच्यात रोज पितो का एवढंच विचारत नाहीत. एकदा सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं कितीदा झालं, आदल्या रात्रीचं आठवलं नाही असं कितीदा झालं, पिण्यापायी ठरलेलं काम राहिलं का, कोणी काळजीनं कमी कर म्हणालं का, असं विचारतात. आठ किंवा त्याहून जास्त गुण आले तर लक्ष द्यायला हवं. मी विशीत ती सोडवली असती तर आठाच्या खूप पुढे गेलो असतो.

एक सूचना मात्र नीट वाचा. जो बऱ्याच काळापासून रोज भरपूर पितो आहे त्यानं चिडून, शपथ घेऊन एका दिवसात बंद करू नये. हातपाय थरथरणं, झटके, भास होणं, प्रसंगी जिवावर बेतणं इथपर्यंत जाऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. माझ्या एका मित्रानं ऐकलं नाही.

शेवटचा_बाक

दोन_पावलं दादा, तुम्हाला एक विचारायचं आहे. माझा रूममेट तुम्ही लिहिलंय तसाच आहे. त्याला चढत नाही. सगळ्यांना तोच सांभाळतो. आम्ही त्याच्यावर विसंबून असतो. पण आता एकटा असतानाही बाटली उघडतो, दुपारच्या तासांना येत नाही. मी काही बोललो तर ‘तू कधीपासून साधू झालास’ म्हणेल. आणि मी बेसिनमध्ये ओतणारा माणूस, मी कोणत्या तोंडानं बोलू?

दोन_पावलं

तुझ्यासारख्याच तोंडानं बोलायचं असतं. त्याला आधी बेसिनचं सांग.

तो प्यायलेला असताना बोलू नकोस, सकाळी बोल. ‘तू बेवडा झालायस’ असलं काही नको. तू काय पाहिलंस तेवढंच सांग: मंगळवारी तू एकटा बसला होतास, बुधवारी तासाला नव्हतास, मला काळजी वाटली. त्यानं उडवून लावलं तरी भांडू नकोस. माझ्याशी असं एकानं बोललं होतं, मी त्याला शिव्या घातल्या, आणि सोडायची वेळ आली तेव्हा पहिला फोन त्यालाच केला. मधे सहा वर्षं गेली होती. कॉलेजात समुपदेशक असेल तर तू स्वतः जाऊन भेट, त्याच्यासाठी काय करता येईल ते विचार. त्याला सांभाळणं ही तुझ्या एकट्याची जबाबदारी नाही.

काठावरचा

कंदील मॅडम, श्रोडर-प्रेंटिसचं वाचलं. माझा आक्षेप पोस्टरपुरता ठेवतो. पुढच्या वर्षी नव्या मुलांबरोबर पहिल्याच महिन्यात चिठ्ठ्यांचा प्रयोग करा, घट्ट गट पडायच्या आधी. नंतर प्रत्येकाची भूमिका ठरून गेलेली असते.

शेवटचा_बाक

शनिवारी गेलो होतो, म्हणून सांगतो.

बसल्याबरोबर म्हणालो, “मी आज घेणार नाही, मला आवडत नाही.” आवाज जरा जास्तच मोठा निघाला. दोघांनी आग्रह केला, एकानं बरं नाहीये का विचारलं, मग विषय बदलला. मी दोन दिवस ज्याची भीती बाळगली ते पाच मिनिटांत संपलं. बेसिनवाला मित्र समोर होता. त्यानं त्याच्या हातातला ग्लास भरू दिला, प्यायला नाही, ओतलाही नाही. तसाच रात्रभर पुढ्यात ठेवला. निघताना जिन्यात म्हणाला, “पुढच्या वेळी मला आधी फोन कर.”

रूममेटशी सकाळी बोललो. दादांनी सांगितलं तसं, आधी बेसिनचं. तो खूप हसला. मग मी मंगळवारचं आणि बुधवारचं सांगितलं, तेव्हा हसायचा थांबला. दहा प्रश्न मी वहीच्या पानावर लिहून नेले होते. पान घेतलं त्यानं, पेनही मागितलं, खिडकीकडे तोंड करून बसला. पाचव्या-सहाव्या प्रश्नाशी बराच वेळ अडकला होता. मग पान घडी करून पाकिटात ठेवलं. बेरीज किती आली ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.